दुर्बीण

मराठी माणसाच्या अंगात पित्त कुठे नसते, असे कुणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. डोके दुखले की पित्त. तोंडाला आंबट पाणी आले की पित्त. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घाट उतरताना उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या तर ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी चोळायचे, आणि घरातला कर्ता पुरुष ओरडू लागला तर ‘त्यांचे पित्त खवळले’ म्हणून बाकीच्यांनी गप्प बसायचे. एवढी कामे एकट्या शब्दावर टाकल्यावर त्याने बिचाऱ्याने कुठे कुठे पुरे पडावे? मी मराठी विषय घेऊन शिकते. एका शब्दाला इतके अर्थ असणे हे भाषेचे वैभव, असे आम्हांला वर्गात शिकवतात आणि आम्ही ते परीक्षेत लिहितो. माझ्या आजीच्या बाबतीत मात्र हे वैभव तिच्या जिवावर उठले होते.

आमचे घर माजिवड्याच्या जुन्या गावठाणात आहे. बाहेरच्या माणसाला माजिवडा म्हणजे नाका आणि उड्डाणपूल एवढेच ठाऊक असते. घोडबंदरचा रस्ता, आग्रा रोड आणि मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग यांची तिथे गाठ पडते आणि वाहनांची कोंडी होते, म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. पण पुलाच्या सावलीत गाव अजून आहे. आजी या गावात लग्न होऊन आली तेव्हा दारापासून भाताची शेते सुरू होत. आता दारापासून मेट्रोचे खांब दिसतात. शेते गेली, पण शेतावर राबताना लागलेली एक सवय आजीची गेली नाही. ती म्हणजे दुखणे अंगावर काढण्याची. लावणीच्या दिवसांत दुखते म्हणून बसून राहिलेली सून तिच्या सासूने पाहिली नव्हती आणि तिनेही आपल्या सुनांना कधी ते सुख दाखवले नाही.

तर या आजीला पित्त होते. माझ्या जन्माच्या आधीपासून होते. बाबा सांगतात की ती पन्नाशीला टेकली त्या सुमाराला ते सुरू झाले. हळदीला किंवा लग्नाला जाऊन मटणाचे जेवण झाले, की मध्यरात्री ती उठून बसे. उजव्या बरगडीखाली कळ येई आणि ती पाठीमागे खांद्याच्या पात्यापर्यंत जाई. ती कण्हत नसे. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून, दिवा न लावता बसून राही. कुणी जागे झालेच तर म्हणे, ‘‘मना काय झालं नाय. पित्त हाय. नीज तू.’’ मग आले-लिंबाचा रस, आमसूल, ओव्याची चिमूट, एवढ्यावर तीन-चार तासांनी कळ उतरे आणि पहाटे ती नेहमीसारखी भाकऱ्या थापायला बसे. गावातल्या निम्म्या बायकांना हेच पित्त होते, त्यामुळे तिला किंवा आम्हांला त्यात काही नवल वाटले नाही.

इथे थोडे विषयांतर करते. मूत्रपिंडात खडा झाला तर त्याला आपल्याकडे ‘मुतखडा’ असा ठसठशीत, घरगुती शब्द आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातल्या अश्मरीचे वर्णन आहे आणि ती शस्त्राने काढण्याची रीतही आहे. म्हणजे हे दुखणे संस्कृतातही नांदते आणि चावडीवरही. ‘मुतखडा झालाय’ म्हटले की ऐकणारा लगेच दहा उपाय सांगतो. पण पित्ताच्या पिशवीत जो खडा होतो त्याला घरात वापरण्याजोगा शब्दच नाही. ‘पित्ताशयातील खडे’ हे सोनोग्राफीच्या कागदावर लिहायचे नाव झाले. चुलीपुढे बसून कुणी ते उच्चारत नाही. आणि ज्या दुखण्याला नाव नाही ते बाईच्या मनात तरी कसे यावे? ते पित्ताच्या मोठ्या गाठोड्यात आपोआप बांधले जाते.

गंमत अशी, की आजीचे दुखणे सुरू झाले त्याच सुमाराला, 1990 साली, आमच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी पोटाला चार बारीक छिद्रे पाडून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. भारतातली ती पहिली. जे. जे.त येणारा रोगी गरीब. त्याची मजुरी पंधरा दिवस बुडू नये, दोन-चार दिवसांत तो उभा राहावा, हे त्यांना फार महत्त्वाचे वाटे. आमच्या आजीसारखीच माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. पण त्यासाठी आधी आपल्या पोटात खडा आहे हे कळायला हवे, आणि आजीच्या पोटात तर पित्त होते.

2022 च्या पावसाळ्यात आजी आजारी पडली. तेव्हा ती एक्याऐंशी वर्षांची होती. आधी दोन दिवस तिला जेवण नको झाले. मग उलट्या सुरू झाल्या. त्या उलट्यांतही एक विचित्र गोष्ट होती. सकाळी खाल्लेला पेजेचा भात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर येई, जणू पोटाने तो हातात घेऊन पाहिला आणि परत केला. चौथ्या दिवशी काल्हेरची आत्या आली, तिने आजीचे डोळे पाहिले, जिभेला हात लावून पाहिला आणि कुणाला न विचारता रिक्षा बोलावली.

ठाण्यातल्या इस्पितळात सलाईन लागले, नाकातून नळी गेली आणि जठरात साचलेले दोन-अडीच लिटर पाणी बाहेर आले. मग सी.टी. स्कॅन झाले. डॉक्टर तरुण होते, विदर्भातले. त्यांनी बाबांना, मोठ्या काकांना आणि मला बाजूच्या खोलीत नेऊन पडद्यावर तीन गोष्टी दाखवल्या. एक, जठर फुगून गच्च झाले आहे, म्हणजे पुढे वाट बंद आहे. दोन, यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांमध्ये हवा दिसते आहे, आणि तिथे हवा असण्याचे काही कारण नाही. तीन, जठर संपते आणि लहान आतडे सुरू होते त्या वळणावर जवळजवळ चार सेंटिमीटरचा गोल खडा बसला आहे. तिन्ही एकत्र दिसल्या की निदान पक्के, असे ते म्हणाले. लिओ रिगलर नावाच्या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने 1941 साली हे त्रिकूट सांगून ठेवले आहे. तेव्हा सी.टी. नव्हते, साध्या क्ष-किरण चित्रावरून त्याने ते ओळखले.

‘‘पण खडा आतड्यात गेला कसा?’’ मोठे काका म्हणाले. ‘‘गिळला का तिनं?’’

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. पित्ताची पिशवी आणि आतड्याचे ते वळण शेजारी शेजारी असतात. पिशवीत मोठा खडा वर्षानुवर्षे राहिला, तिला वारंवार सूज येत राहिली, की पिशवी शेजारच्या आतड्याला चिकटते. खडा आतून दाबत राहतो. दाबून दाबून दोन्ही भिंती कुजतात आणि मध्ये भोक पडते. मग एके दिवशी खडा त्या भोकातून सरळ आतड्यात उतरतो आणि त्याच वाटेने आतड्यातली हवा उलट पित्ताच्या नळ्यांत शिरते. लहान खडे कुणाला न कळता शौचावाटे निघून जातात. अडीच सेंटिमीटरहून मोठा असला तर कुठेतरी अडकतो. बहुतेक वेळा तो लहान आतड्याच्या अगदी शेवटी अडकतो, कारण ती जागा सगळ्यांत अरुंद. आजीचा खडा मात्र दारातच अडला होता.

या दुखण्याचा इतिहास मी नंतर शोधून वाचला. कला शाखेच्या विद्यार्थिनीला दुसरे काय करता येणार? डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिनने 1654 साली एका शवविच्छेदनात असा आतड्यात उतरलेला खडा पाहिला. 1890 मध्ये कूर्व्हाझिए या स्विस शल्यचिकित्सकाने असे 131 रोगी मोजले. त्यांतले शंभरातले चव्वेचाळीस दगावले होते. दारात अडणाऱ्या खड्याला लिऑन बूव्हरे या फ्रेंच डॉक्टरचे नाव मिळाले आहे, 1896 पासून. ही यादी वाचताना मला सारखे वाटत होते, की या जुन्या पुस्तकांतल्या बायकाही (हे दुखणे म्हाताऱ्या बायकांनाच अधिक होते) अशाच भिंतीला टेकून, दिवा न लावता बसत असतील.

आता प्रश्न आला उपायाचा. सरळ उपाय म्हणजे पोट उघडायचे, आतडे कापून खडा काढायचा आणि शिवायचे. पण आजीच्या हृदयाची ताकद पस्तीस टक्क्यांवर आली होती. शल्यचिकित्सक स्वच्छ बोलले. ‘‘मी करीन. खडा नक्की निघेल. त्या टेबलावरून आजी नक्की उठतील असं सांगता येत नाही.’’ दुसरा उपाय पोटाच्या डॉक्टरांचा. तोंडावाटे दुर्बीण आत न्यायची, खड्यापाशी पोहोचायचे, लेसरने तो फोडायचा आणि तुकडे ओढून काढायचे. त्यांनीही काही लपवले नाही. जगभर असे जे रोगी नोंदले गेले आहेत त्यांचा हिशेब मांडला तर निम्म्याहून कमी जणांचा खडा दुर्बिणीने पुरता निघतो. 1985 साली पहिल्यांदा हे जमले, तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली, तरी मोठा, कठीण खडा दाद देत नाही. शिवाय एखादा तुकडा निसटून खाली गेला तर तो पुढे आतड्याच्या अरुंद टोकाशी अडकू शकतो. मग ऑपरेशन टळत नाही.

यानंतर व्हरांड्यात जे झाले ते प्रत्येक घरात होते. मोठे काका म्हणाले, कापून एकदाचे मोकळे व्हावे. बाबा म्हणाले, मुंबईला न्यावे. आत्या म्हणाली, या वयात काहीच करू नये, देवाने नेले तर नेले. आणि असे म्हणून तीच रडू लागली. अर्धा तास तिघे बोलत होते. ज्या पोटाबद्दल बोलणे चालले होते त्याची मालकीण आत जागी पडली होती. तिला विचारायचे कुणाच्या मनातच आले नाही. वाईट कुणीच नव्हते. पण आमच्याकडे म्हातारीला औषध देतात, ऊब देतात, माहिती देत नाहीत. शेवटी ते विदर्भातले डॉक्टरच म्हणाले, ‘‘आजींना सांगू या ना.’’

दुभाषी म्हणून मला उभे केले गेले. आमच्या आगरी बोलीत ‘ड’ आणि ‘ढ’ यांचा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ‘तुम्ही’ फारसे नाहीच. कलेक्टर आला तरी तो ‘तू’. डॉक्टरांना पहिली दोन वाक्ये समजली नाहीत. मी आजीला म्हटले, ‘‘आजी, हे पित्त नाही. पित्ताच्या पिशवीतला धोंडा आतड्यात आलाय.’’

ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘माजे पोटान धोंडा? येवरी वर्सा?’’

‘‘वीस-पंचवीस वर्षं असेल, आजी,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मंग ते पित्त नव्हतंच?’’

नव्हते, असे मी सांगितले. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आले ते भय नव्हते. मला तो राग वाटला, आणि तो कुणावर होता हे मी अजूनही ठरवू शकलेली नाही. मग मी दोन्ही उपाय सांगितले. निम्म्याहून कमी, हेही सांगितले. ते सांगताना बाबांनी मला डोळ्यांनी दटावले. ‘दुर्बीण’ हा शब्द तिने पकडला. दुर्बीण म्हणजे लांबचे बघायची ना, असे तिने विचारले. आणि खरेच आहे. दूरचे दाखवते ती दुर्बीण. एक हात लांबीवरचे बघायला आपण तोच शब्द वापरतो, कारण आपल्याच पोटाइतके दूर दुसरे काय असते?

‘‘तोंडाशी कारशील तं कार,’’ आजी डॉक्टरांना म्हणाली. ‘‘पोट फाराचा नाय.’’ हे वाक्य त्यांना भाषांतराशिवाय समजले.

शल्यचिकित्सक तयारीत राहतील, दुर्बिणीने नाहीच जमले तर पुन्हा आजीला विचारायचे, असे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेले. भूल द्यावी लागलीच. घशात पाणी किंवा तुकडा उतरून फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. पण पोट फाडण्याच्या मानाने हृदयावर ताण कमी. आत काय झाले याचे चित्रण डॉक्टरांनी नंतर आम्हांला पडद्यावर दाखवले. जठराच्या गुलाबी, ओलसर गुहेतून दुर्बीण पुढे सरकते, दार येते आणि दारात तो बसलेला. वाळलेल्या चिंचेच्या रंगाचा, तपकिरी, मातलेला. आधी तारेच्या टोपलीत तो पकडून पाहिला; टोपली पुरेना. जाळी टाकून पाहिली, ती सटकली. मग लेसर.

लेसरचा प्रकाश आत नेणारा धागा काचेचा असतो, केसापेक्षा थोडासाच जाड. आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र वळणावळणाने नेता येते हे दाखवले, ते 1954 साली. त्यावरून हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये वाकणारी दुर्बीण केली आणि म्हणतात की ती आधी स्वतःच्याच घशात घातली. आताच्या दुर्बिणीच्या टोकाला इवलासा कॅमेरा असतो, चित्रासाठी काचेचे धागे लागत नाहीत. पण लेसरला मात्र अजून काचेचाच धागा लागतो. होल्मियम लेसरची खुबी अशी, की त्याचा प्रकाश पाणी लगेच पिऊन टाकते. म्हणून खड्यावर पाणी सोडत राहायचे आणि धागा खड्याला टेकवून ठिणगी द्यायची. पाण्याचा बुडबुडा फुटतो, खड्याला हादरा बसतो, आणि नेम जरा चुकला तरी आतड्याच्या भिंतीत अर्धा मिलिमीटरही प्रकाश शिरत नाही. मुंबईच्या डॉ. अमित मायदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिकेतले हट्टी खडे या लेसरने फोडल्याचा वृत्तांत 2011 साली प्रसिद्ध केला होता. आमच्या आजीचा खडा नलिकेतला नव्हता, पण हातोडी तीच.

दोन तास ठिणग्या पडत होत्या. पडद्यावर पाहताना ते पाथरवटाच्या कामासारखे दिसत होते; आधी नुसती भुकटी उडते, मग एक चीर, मग एकदम टवका. आत कांद्यासारखे थरावर थर होते, पिवळे आणि काळे. अन्ननलिकेला ओरखडे पडू नयेत म्हणून घशातून एक प्लॅस्टिकची नळी सरकवली होती आणि तिच्यातून एकेक तुकडा जाळीत धरून वर आणत होते. अर्धा खडा झाला आणि डॉक्टर थांबले. आजीचा रक्तदाब उतरू लागला होता. बाहेर येऊन त्यांनी सांगितले की गाभा राहिला आहे. दोन दिवसांनी पुन्हा. मोठे काका काही बोलले नाहीत, पण ‘मी म्हणालो नव्हतो?’ हे त्यांच्या पाठीवरूनही वाचता येत होते.

दुसरी खेप तिसऱ्या दिवशी झाली. गाभा फुटला. दार मोकळे झाले आणि दुर्बीण पलीकडे गेली तेव्हा आतड्याच्या भिंतीत ते भोक दिसले, ज्यातून खडा आला होता; काठ सुजलेले, लाल. ते शिवायचे नाही, असे ठरले. या वयात ते पुष्कळदा आपोआप बुजते, आणि बुजले नाही तरी त्यासाठी एक्याऐंशीव्या वर्षी पोट उघडणे शहाणपणाचे नाही, यावर दोन्ही डॉक्टरांचे एकमत झाले. मात्र तुकडे मोजून पाहिले तेव्हा एक कमी भरला. सव्वा-दीड सेंटिमीटरचा तुकडा हातून सुटून खाली गेला होता.

पुढचे चार दिवस मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत लांब वाटले. करण्यासारखे कुणाकडे काहीच नव्हते. दोन सेंटिमीटरच्या आतला आहे, जाईल, असे डॉक्टर म्हणत. पण दिवसातून तीनदा येऊन पोटावर नळी ठेवून ऐकत. दुसऱ्या रात्री पोट फुगले. क्ष-किरण चित्र काढले. त्यात तुकडा दिसेना, कारण असे खडे पुष्कळदा त्यात दिसतच नाहीत. आत्याने गावदेवीला नारळ बोलला. आजी मात्र विलक्षण शांत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या दुखण्याबद्दल बोलत होती. कुठे दुखते, केव्हा दुखायचे, कोणत्या लग्नात किती दुखले, गणपतीच्या दिवसांत कशी एकदा विहिरीच्या काठावर बसून राहिली, सगळे. सिस्टर ऐकायच्या. मीही ऐकत होते. तीस वर्षांच्या रात्री तिने एकेक करून मोजून दिल्या.

चौथ्या दिवशी पहाटे वारा सरला. हे वाक्य महाविद्यालयाच्या अंकात छापावे की नाही याचा मी विचार केला. पण त्या पहाटे आमच्या कुटुंबात जो आनंद झाला तो मी बारावी उत्तीर्ण झाले तेव्हाही झाला नव्हता. मोठ्या काकांनी वॉर्डबॉयला चहा पाजला. दुपारपर्यंत पोट उतरले, आणि दुसऱ्या दिवशी तुकडाही गेला.

नवव्या दिवशी आजी घरी आली. आता तिने चौऱ्याऐंशी ओलांडली आहेत. मटण खाते, थोडे. डॉक्टरांनी खड्याचे तुकडे एका बाटलीत घालून दिले होते. ते टाकून द्यावेत असे आईचे मत होते, पण आजीने बाटली देवळीत ठेवली. गावातल्या बायका ती पाहायला येऊ लागल्या. आजीने खड्याला नावही ठेवले, ‘पित्तधोंडा’. शब्दकोशात तो नाही. माजिवड्यात मात्र आता सर्रास चालतो. ‘‘रात्री उजवीकरं दुखतं? पाठीन जातं? मंग बाय, फोटू कारून ये,’’ असे ती प्रत्येकीला सांगते. फोटू म्हणजे सोनोग्राफी. दोघीतिघी गेल्या. एकीला खरोखरच खडे निघाले. तिची पिशवी छिद्रे पाडून काढली आणि ती तिसऱ्या दिवशी घरी आली. शेजारच्या काकूही मोठ्या उमेदीने गेल्या होत्या. त्या संध्याकाळी परत आल्या, ओट्यावर बसल्या आणि जरा हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘काय नाय निंगालं. नुसतं पित्तच हाय म्हनं.’’